मोहितच्या गाड्यांची पारख

"हा आरसा चुकला आहे," मोहित म्हणाला. "दोन पाहिजेत, इथं एकच आहे. लिहून घ्या."

शामलाने काहीच लिहून घेतलं नाही. निळी रेसगाडी तिने खिडकीच्या उजेडात धरली, डोळ्याला भिंग लावलं आणि म्हणाली, "बरोबर आहे. खऱ्या गाडीलेही त्या मोसमात एकच आरसा होता."

गाड्या पारखायला कोणीतरी येणार, असं आईने सांगितलं तेव्हा मोहितला वाटलं होतं, येईल कोणी भिशीतली ओळखीची, वरवर पाहील आणि भंगाराचा भाव सांगून चहा पिऊन जाईल. मौद्याहून सकाळच्या बसने आलेली ही पोरगी मात्र चांगलीच जाणकार निघाली.

आणि नेमकं तेच त्याला नको होतं. यमुताईंनी, म्हणजे त्याच्या आईने, निक्षून सांगितलं होतं की गाड्यांना बरी किंमत येत असेल तर सगळ्याच्या सगळ्या विकून टाकायच्या. सोयरिकीसाठी जी जी मंडळी घरी आली, ती शोकेसकडे पाहून नाक मुरडून गेली होती. "लग्नाचा पोरगा अजून खेळण्यांशी खेळते म्हणते लोकं," असं त्या रोज ऐकवत.

खेळणी म्हटलं की मोहितचं डोकं फिरायचं. वाडीच्या गोदामात दिवसभर ट्रकवाल्यांशी हुज्जत घालून तो घरी यायचा आणि धातूच्या या तळहाताएवढ्या गाड्या मऊ फडक्याने पुसत बसायचा. तेव्हा कुठे त्याचा दिवस सुरू व्हायचा. गाड्या गेल्या असत्या तर घरात त्याला बसवलं नसतं. म्हणून त्याने ठरवलं होतं की आज आपल्याच गाड्यांना नावं ठेवायची. बिचाऱ्याने आईच्या आग्रहाखातर नवा शर्टही घातला होता. बाहेरचं माणूस येणार, म्हणे.

"ही पिवळी पाहा," तो म्हणाला. "हिचे टायर कोरड्या रस्त्याचे आहेत. ती शर्यत पावसात झाली होती."

"सुरू पावसात झाली. संपली तेव्हा पाऊस थांबला होता, टायर बदलले होते." शामलाने गाडी हलकेच खाली ठेवली. "ही जिंकून येतानाची गाडी आहे. कंपनीने बरोबर बनवली."

आता या बाईला काय म्हणावं? मोहितला तिचा राग येत होता आणि तिचं म्हणणं खरं असल्यामुळे रागावताही येत नव्हतं. उलट आतून बरं वाटत होतं. टायरांवर त्याच्याशी इतकं बोलणारं या घरात आजवर कोणी आलं नव्हतं.

तिने पांढरी गाडी उचलली आणि भिंग जवळ नेलं. "हे सिगारेटच्या जाहिरातीचं स्टिकर कंपनीचं नाही. मॉडेलवर ते छापत नाहीत."

"मी लावलं," मोहित घाईने म्हणाला. "म्हणजे किंमत गेली ना?"

"तुम्ही सिगारेट ओढता काय?"

"नाही जी. खऱ्या गाडीवर होतं म्हणून लावलं."

"घरात दुसरं कोणी? धुरानं रंग पिवळा पडते."

"कोणीच नाही."

शामलाने मान हलवली. यमुताई कोथिंबीर भरलेल्या सांभारवड्या ठेवून गेल्या, दाराशी घुटमळल्या, पुन्हा आत गेल्या. शामलाने एक लाल गाडी घेतली आणि ती तिच्या हातून निसटली. फरशीवर टणकन आवाज झाला, मागचा पंख तुटून सोफ्याखाली गेला.

ती गाडी मोहितने पहिल्या पगारातून घेतली होती. तो गुडघ्यावर बसला आणि त्याने पंख शोधला.

"तुम्हाले लागलं तर नाही?" त्याने विचारलं. "पायावरून गेली."

"नाही. पण तुमची गाडी..."

"चिकटवता येते. माणसाच्या हातून होते कधी कधी."

शामला भिंग मिटून म्हणाली, "एक विचारू? सकाळपासून तुम्ही स्वतःच्याच गाड्यांची बदनामी करून राहिले. काहून? तुम्हाले खोटं बोलता येत नाही, कान लाल होतात."

मोहितने स्वयंपाकघराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "किंमत चांगली निघाली तर आई विकून टाकते. तिले वाटते, गाड्या गेल्या की माझं लग्न होईल. पण जिले या गाड्याच चालणार नाही, तिच्याशी मी जन्मभर बोलू काय? माझा जीव आहे हो यांच्यात. तुम्ही फक्त सांगा, की कवडीचीही किंमत नाही."

"मीही खोटं सांगत नाही," शामला म्हणाली. तिने गाड्या एकेक करून परत ठेवल्या, जिथल्या तिथे, तोंडं खिडकीकडे. त्याला न विचारता ठेवल्या आणि एकही चुकली नाही.

यमुताई बाहेर आल्या. "काय वं बाई, कशा निघाल्या?"

"गाड्या एकदम खऱ्या आहेत, मावशी. जपल्याही चांगल्या आहेत," शामला म्हणाली. मोहितचा चेहरा पडला. "पण विकू नका. अशा एकत्र पुन्हा जमायच्या नाहीत. घरातच राहू द्या."

"तुम्ही म्हणता तर राहू दे बापा," यमुताई म्हणाल्या. एवढ्या महिन्यांचा हट्ट त्यांनी एका वाक्यात सोडला. मोहितचा विश्वासच बसेना. आनंदाने त्याला भरून आलं. तिचे आभार मानावेत, बसस्टॉपवर सोडू का विचारावं, म्हणून तो गाडीची किल्ली शोधायला आत धावला.

दाराशी चपला घालता घालता शामलाने यमुताईंचा हात हातात घेतला.

"तुम्ही फोनवर सांगितला तसाच आहे, मावशी," ती हळूच म्हणाली. "मले मुलगा पसंत आहे."