ब्रेकमधली हवा

"दाब," गाडीखालून दादाचा आवाज आला. मी ब्रेकचं पेडल दाबलं.

"धर."

"धरलंय."

दिवाळीपासून आम्हा भावांत बोलणं असं एवढंच उरलं होतं. त्यातही मी 'दादा' म्हणणं टाळायचो. गॅरेजच्या मधोमध भिंत घालायची ठरली होती, विटा दारात येऊन पडल्या होत्या. पण एबीएसचं युनिट बदललं की ब्रेकमधली हवा काढायला दोन माणसं लागतात. आणि बाबांनी घालून दिलेला नियम होता : खालच्याला वरचा दिसत नाही, तेव्हा तोंडानं सांगायचं, उत्तर ऐकायचं, मगच पान्याला हात लावायचा. कितीही भांडलेले असलात तरी.

गाडी स्टँडवर, किल्ली दादाच्या खिशात. पत्र्याच्या भोकांतून आलेले कवडसे काचेवर तरंगत होते. मी डोळे मिटले. दादा चाकामागचा नट सैल करायचा, पेडल पायाखाली अलगद बुडायचं, नट आवळला की तो म्हणायचा, "सोड." मला विहिरीत पोहायला शिकवायचा तेव्हाचाच आवाज, पाण्यातून आल्यासारखा.

"दाब. धर."

"धरलंय."

या वेळी पेडल बुडालंच नाही. दगडासारखं घट्ट. दादानं नट उघडलाच नव्हता. हवा केव्हाच निघून गेली होती, काम संपलं होतं.

"सोड," तो म्हणाला. मग जरा थांबून, हळूच, "दाब... धर."

पेडल पुन्हा तसंच घट्ट.

"धरलंय, दादा."