तीन कोऱ्या प्लेटा

प्रयोग तिसऱ्यांदा केला, तरी पेशी वाढवायच्या त्या तीन प्लेटा कोऱ्याच निघाल्या.

संशोधक बाईंनी त्या खिडकीशी धरल्या. शेजारच्या तीन प्लेटांत जांभळे ठिपके दाटले होते. एकेक ठिपका म्हणजे किरणांच्या माऱ्यातून वाचलेल्या, कर्करोगाच्या गाठीतल्या एका पेशीचा गोतावळा. ज्या प्लेटांत किरणांआधी नवं औषध घातलं होतं, तिथे मात्र ठिपका औषधालाही नव्हता. तुटलेला डीएनए सांधणाऱ्या एन्झाइमचे हातच त्या औषधाने बांधून टाकले होते.

या वेळी पेशी त्यांनी स्वतः मोजून घातल्या होत्या. आठ महिन्यांपूर्वी प्रयोगशाळेतल्या जुन्या मदतनिसाने, अण्णांनी, घातल्या होत्या. तेव्हाही औषधाच्याच तीन कोऱ्या.

"पेशी घालायला विसरलात, अण्णा. सरळ कबूल करा ना," त्या सगळ्यांदेखत म्हणाल्या होत्या आणि प्लेटा कचऱ्यात टाकल्या होत्या. बावीस वर्षं पेशी वाढवणारा माणूस दुसऱ्या दिवसापासून तळमजल्यावर बाटल्या धुऊ लागला.

प्लेटा घेऊन त्या जिना उतरल्या.

"या, ताई," अण्णा नळापासूनच म्हणाले. "अहो, या धुवायच्या नसतात, फेकायच्या असतात."

"धुवायला नाही आणल्या. बघा जरा."

अण्णांनी चष्मा कपाळावर चढवला, एक प्लेट उजेडात धरली. "हात्तिच्या! पेशी घालायला कोण विसरलं?"

"कुणीच नाही. मीच घातल्या होत्या. औषध लागू पडतंय, अण्णा. तेव्हाही पडलं होतं. तुम्ही विसरला नव्हतात."

"आठ महिने," अण्णा हळूच म्हणाले. "आठ महिने आधी कळलं असतं की हो, ताई."

"चुकलं माझं. उद्यापासून वर या. सगळ्यांसमोर सांगते मी."

"नको." अण्णा ओशाळं हसले. "तेव्हा विसरलो नसेन. पण आता विसरतो. कुलूप लावून निम्म्या जिन्यातून परत जातो, ओढून बघायला. बायको म्हणते, कुलपाशी सोयरीक जमवलीत की काय?"

त्यांनी प्लेट जपून बाईंच्या हातात दिली. मग मांडणीवरची धुतलेली, कोरडी बाटली उचलली, उजेडात फिरवून पाहिली आणि पुन्हा नळाखाली धरली.