शून्याच्या वर

क्वांटम संगणकातले सहा क्यूबिट, म्हणजे माहिती साठवणारे सूक्ष्म घटक, एकमेकांत गुंफायचे आणि भोवतीच्या गोंगाटात ती गुंफण टिकते का ते तपासायचं, एवढंच काम होतं. पण प्रयोग करणाऱ्या संशोधिकेचा, तिचा, पाय काही प्रयोगशाळेत एका जागी ठरत नव्हता. चाचणीचा आकडा शून्याखाली आला की गुंफण नक्की आहे. आज सकाळपासून सतराव्यांदा तो शून्याच्या वर आला होता.

"गुंफण गेली, असं लिहून टाकतो," सहकारी म्हणाला.

"खबरदार!" ती उसळली. "या चाचणीला सापडली नाही, असं लिही. आकडा वर आला म्हणून ती नाहीच, असं ठरत नाही. चाचणी बदलू."

"अगं, तुटेपर्यंत ताणू नये माणसाने."

ती काही बोलणार तोच फोन वाजला. तिचे वडील राहत होते त्या वृद्धाश्रमातली नर्स होती.

"ताई, शिंपीकाकांना आज तीनदा तुमचा फोटो दाखवला. 'ही कोण?' म्हणून मलाच विचारत राहिले. तक्त्यात 'मुलीला ओळखत नाहीत' असं लिहावं लागेल, म्हणून आधी कळवलं."

तिच्या येरझारा थांबल्या.

"तसं लिहू नका. फोटोवरून ओळखलं नाही, एवढंच लिहा. संध्याकाळी येते मी."

फोन ठेवून तिने अंगातल्या, वडिलांनीच शिवलेल्या कोटाचं घट्ट बसलेलं बटण दातांनी तोडलं आणि सहकाऱ्याला विचारलं, "इथे जवळपास सुईदोरा कुठे मिळेल रे? संध्याकाळी बाबांच्या हातात द्यायचाय."