लांबचा दवाखाना

रुग्णवाहिकेचं दार ओढून घेतलं आणि मॅडमनी स्ट्रेचरवरच्या माणसाकडे तोंड करून, बाहेरच्या गर्दीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "घाबरू नका हं. पोचतोच आपण."

माणूस मेलेला होता. निदान साइटच्या साहेबानं फोनवर तसंच सांगितलं होतं. "आटोपलाय. तुमचं काम सुरू करा." बांबूची परांची सुटली आणि हा गडी खाली वाळूच्या ढिगावर येऊन आपटला, एवढंच मॅडमना कळलं होतं. जास्त विचारायची त्यांची पद्धत नव्हती.

बांधकाम कंपनीत मनुष्यबळ विभागाची प्रमुख म्हटलं की लोकांना वाटतं, बाई मुलाखती घेत असेल, रजेची रडगाणी ऐकत असेल. तेही होतंच. पण मालकांची मर्जी बसली होती ती या दुसऱ्या कामामुळे. त्यांच्या साइटवर कोणी मरत नसे. साइटवर माणूस मेला तर काम बंद पडतं, तपासणीवाले ठाण मांडून बसतात. म्हणून मेलेला माणूस जखमी म्हणून उचलायचा, मॅडमनी सोबत बसून त्याच्याशी बोलायचं, आणि जवळचा सरकारी दवाखाना सोडून त्याला शहराच्या पार दुसऱ्या टोकाला न्यायचं. तिथला डॉक्टर आपलाच. उपचार चालू असताना गेला, असं तो बिनबोभाट लिहून द्यायचा. सुरुवातीला मॅडम वाटभर डोळे मिटून बसायच्या. आता गेट ओलांडलं की त्या मोबाइल काढून राहिलेली कामं उरकत.

आज पंचाईत झाली होती. याची बायको त्याच साइटवर घमेली वाहायची. ती धावत आली आणि कोणी अडवायच्या आत गाडीत चढून बसली. हात कोपरापर्यंत सिमेंटनं माखलेले.

"मॅडम, जीव आहे ना हो?"

"आहे म्हणजे काय! मी बोलतेय ना त्याच्याशी."

"मग बोला, बोलत राहा. माझं कुठं ऐकतो मेला!" असं म्हणाली आणि तिनं जीभ चावली.

झालं. आता गेट ओलांडूनही गप्प बसायची सोय राहिली नाही. मॅडम बोलत राहिल्या. बरे व्हाल, घरी जाल, कंपनी सगळं बघेल. ड्रायव्हर या कामातला जुना होता. तो खड्डे चुकवत, रिक्षांना वाट देत, निवांत चालला होता. खिडकीतून सरकारी दवाखान्याची भिंत सरकली, गेट सरकलं.

"अहो मॅडम, दवाखाना मागं गेला की!"

"तिथं काही सोय नाही गं. आपण त्याला चांगल्या ठिकाणी नेतोय."

"देव तुमचं भलं करो," ती म्हणाली, आणि तेही अगदी मनापासून. मॅडमना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या खिडकीबाहेर बघू लागल्या.

बायको नवऱ्याचा हात चोळत होती. त्याला रागवत होती, समजावत होती. मधेच किंचाळली, "मॅडम! बोट धरलं त्यानं माझं!"

"हो गं, धरणारच," मॅडम म्हणाल्या. मान वळवली नाही. बायकांना असं वाटतं, हे त्यांनी फार वेळा पाहिलं होतं.

गाडी पुलावर चढली. उतरली. मग कोणीतरी कण्हलं.

मॅडमनी वळून पाहिलं. त्याचे ओठ हलत होते. आजवर त्यांनी स्ट्रेचरवरच्या एकाही माणसाला हात लावला नव्हता. आता त्यांनी दोन बोटं त्याच्या गळ्याशी टेकवली. खाली काहीतरी बारीक उडत होतं. थांबत होतं, परत उडत होतं. साहेबाला इंजिनियरनं सांगितलं होतं, इंजिनियरला मुकादमानं, आणि मुकादमानं लांबूनच बघून मान हलवली असणार. हात कोणीच लावला नव्हता.

मॅडमनी ड्रायव्हरच्या मागच्या पत्र्यावर धाडधाड मुठी आपटल्या. "वळव! अरे, गाडी वळव! जिवंत आहे हा!"

"आहेच की," बायको गोंधळून म्हणाली. "तुम्हीच तर सांगितलंत."

ड्रायव्हरनं आरशातून पाहिलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. "आता कुठं वळवू मॅडम? सरकारी कधीच मागं राहिला. मधे पुलावरची सगळी गर्दी आहे."

"मग पुढं पळव! काय वाटेल ते कर, पण पळव!"

गाडीनं असा हिसका दिला की मॅडम गुडघ्यांवर आल्या. तशाच राहून त्यांनी त्या माणसाचं तोंड दोन्ही हातांत धरलं. "ऐकताय ना? डोळे उघडा. पोचतोच आपण, खरंच पोचतोय." तेच मघाचे शब्द. त्या ढसाढसा रडत होत्या. त्याचे ओठ हलायचे थांबले होते.

तेवढ्यात टपावरचा भोंगा सुरू झाला. पुढच्या गाड्या भराभर बाजूला व्हायला लागल्या, रस्ता मोकळा झाला.

बायकोनं दचकून वर पाहिलं. मग मॅडमकडे पाहिलं, आणि नजर काढलीच नाही.

"चालतो होय हा?" ती म्हणाली. "मला वाटलं, बिघडलाय."