टाकीत काय आहे

गेट तोडून वस्तीतली माणसं चिखलाच्या पायांनी डेटा सेंटरच्या हॉलमध्ये घुसली, तेव्हा वॉचमनला पहिली काळजी पांढऱ्या फरशीची वाटली. पुढच्या म्हाताऱ्याची पहार त्याच्या गुडघ्यावर बसली आणि ती काळजी मिटली.

"नळाला महिनाभर थेंब नाही. आमचं पाणी कुठल्या टाकीत दडवलंय, बोल!"

"काका, टाक्यांत पाणी नाही, तेल आहे. नवीन पद्धत आहे. मशिनं गार राहावीत म्हणून तेलातच बुडवून ठेवतात."

"तेलात? म्हणजे तळता काय रे त्यांना?"

लोक हसले. हसता हसताच कुणीतरी वॉचमनचे दोन दात पाडले. मग त्यांनी टाकीची काच फोडली. पाण्यासारखं नितळ काहीतरी धो धो वाहू लागलं. म्हातारा घाईघाईने ओंजळभर प्यायला आणि तिथेच भडाभडा ओकला.

"खरं बोलत होतास की रे," तोंड पुसत म्हातारा म्हणाला. "मग आमचं पाणी जातं कुठे?"

वॉचमन रक्त थुंकला आणि त्याने सगळ्यांच्या चिखलाने भरलेल्या पायांकडे बोट दाखवलं.

"बाहेरची हिरवळ तुडवत आलात ना, काका? तिला दिवसातून तीनदा पाणी असतं."