नववा ट्रॅक

माझा जुना मित्र मलाकाई याच्या टोंगाहून आलेल्या पत्राला मी अकरा वर्षं उत्तर दिलं नाही. "एक तरी गाणं पुरं करून पाठव. तोवर मी दोन बोटांनी टेबलावर ताल धरतो," असं त्यानं लिहिलं होतं. माझं एकही गाणं पुरं होत नसे.

पुतणी लोसानं गाणं रेकॉर्ड करायला कॉम्प्युटरवर आठ रिकामे ट्रॅक मांडून दिले. "काका, रोज हीच फाईल उघडायची. वाद्यांचे आवाज निवडत बसाल तर म्हातारे व्हाल!"

"झालोच की."

फाईल उघडली की नववा ट्रॅक असे. त्यात दोन बोटांची टकटक. पुसली तरी परत येई. मी लय बदलली की तीही बदले.

आज पुसली नाही. तासाभरात गाणं झालं. त्याची सीडी मलाकाईच्या पत्त्याच्या पाकिटात घालून आमच्या ओटारा उपनगरातल्या टपालपेटीत टाकली.

पेटीच्या आतून टकटक सुरू झाली, माझ्याच गाण्याच्या लयीत.