कानाखालची गाठ
गोवऱ्यांच्या जाळात विळा लालभडक झाला, तशी श्रीदेवी बैलाच्या आडवी उभी राहिली. बैलाच्या शिंगाला कॅन्सर झालेला, कानाखाली लिंबाएवढी गाठ आलेली, आणि तिचा बाप ती गाठच डागायला निघालेला. "अप्पा, ती गाठ राखणदार हाय. शिंगातल्या रोगाशी झुंजून सुजलीय. नळदुर्गचे डॉक्टर म्हणले, शिंग कापायचं, राखणदाराला जाळायचं न्हाय." "तुझा डॉक्टर जन्मला नव्हता तवापासून म्या जनावरं डागतोय. सर बाजूला!" तंबाखूचा बार गालात सरकवत त्यानं उन्हाळाभर न सुटलेला गळ्यातला टॉवेल सोडून बैलाच्या डोळ्यांवर बांधला आणि विळा उचलला. श्रीदेवीची नजर त्याच्या उघड्या गळ्यावर गेली. तंबाखूच्या गालाच्याच बाजूला, बापाच्या जबड्याखाली, अगदी तशीच गाठ होती. "मग आधी हितं डागा!" तिनं बोट त्या गाठीवर टेकवलं. "दुखत न्हाय ती," बाप पुटपुटला. हातातला विळा निवत काळा पडत गेला.